छातीत अचानक धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल? एसव्हीटी पकडण्यापासून अब्लेशनपर्यंत काय काय करायचं

मला हे पहिल्यांदा झालं २०१२ च्या दिवाळीत. अंगणात रांगोळी काढायला वाकले होते, उठताना छातीत काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि पुढच्या क्षणी हृदय असं पळायला लागलं की ब्लाउजवरून धडधड दिसत होती. गळ्यापाशी ठोके आपटत होते, हात गार पडले. वीसेक मिनिटं चाललं, मग जसं सुरू झालं तसंच खट्‌कन थांबलं आणि त्यानंतर तासाभरात चार वेळा लघवीला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेले, ईसीजी काढला, नॉर्मल आला. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला.

पुढची नऊ वर्षं हेच चाललं. कधी पित्त, कधी टेन्शन, कधी रक्त कमी, एका ठिकाणी तर झोपेच्या गोळ्या सुरू केल्या. २०२१ मध्ये एका रात्री चालू धडधडीतच ईसीजी निघाला, ठोके १८८, आजाराचं नाव कळलं एसव्हीटी, आणि मग सगळं भराभर उलगडत गेलं. २०२२ मध्ये अब्लेशन झालं, म्हणजे हृदयातली करंटची जादा वाट जाळून बंद केली. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत काउंटरला बसते. पण या रस्त्यावर कुठं कुठं अडकायला होतं ते मला आता नीट माहीत आहे, आणि माझी नऊ वर्षं गेली तशी तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. गोळीचा डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकी कसं वागायचं ते मी सांगते.

१. आधी समजून घ्या की छातीत होतंय काय

शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. शंभराच्या वर गेले की त्याला टॅकिकार्डिया म्हणतात, म्हणजे फक्त 'जलद ठोके', आजाराचं नाव नव्हे. जिना चढल्यावर, ताप आल्यावर, घाबरल्यावर, अंगात रक्त कमी असलं, थायरॉईड वाढलेलं असलं, जुलाबानं पाणी कमी झालं तरी ठोके वाढतात. ते हृदय बरोबरच वागतंय, मूळ कारण शोधून बरं करायचं असतं.

एसव्हीटी, म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, वेगळी. हृदयात ठोक्याचा करंट वरच्या कप्प्यात तयार होतो आणि मधल्या एका गाठीसारख्या जागेतून, एव्ही नोडमधून, खालच्या कप्प्यांत उतरतो. काही लोकांना तिथं जन्मतः एकाऐवजी दोन वाटा असतात, एक सावकाश आणि एक वेगवान. आमच्या सातारकडच्या लोकांना हे समजवायला मी खंबाटकी सांगते. वर्षानुवर्षं पुण्याहून येताना गाड्या घाट चढून यायच्या आणि साताऱ्याहून परत जाताना बोगद्यातून सुसाट जायच्या. आता समजा एक गाडी घाटानं आली, खाली उतरून लगेच बोगद्यात शिरली, परत घाटाला लागली, परत बोगदा, आणि अशी गोल गोल फिरतच बसली. सावकाश वाटेनं खाली आणि वेगवान वाटेनं वर, असाच करंट फिरतो, आणि दर फेरीला एक ठोका पडतो. म्हणून ठोके एकदम १५०, १८०, कधी २२० वर जातात. या प्रकाराला एव्हीएनआरटी म्हणतात, हाच सगळ्यात जास्त आढळतो आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. मला हाच होता.

दुसरा प्रकार म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एक जादा तार जन्मापासून असते. त्यातल्या काहींचा साधा, बसल्याजागी काढलेला ईसीजीसुद्धा वेगळा दिसतो, त्याला वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघा डॉक्टरांच्या नावानं डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात, त्यांनी १९३० साली ते लिहून ठेवलं. हे नाव तुमच्या रिपोर्टवर असेल तर पुढं औषधांच्या भागात एक गोष्ट सांगितलीय ती नक्की वाचा.

आणि हो, याचा ब्लॉकेजशी संबंध नाही. घरातले सगळे पहिल्यांदा अँजिओग्राफीच म्हणतात. ब्लॉकेज म्हणजे रक्ताच्या नळ्यांचं दुखणं, हे करंटचं दुखणं.

२. तुमची धडधड कशी सुरू होते आणि कशी थांबते ते बघा

डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडणारं उत्तर हेच, आणि आपण तेच सांगत नाही. आपण सांगतो "घाबरल्यासारखं होतं". मीही नऊ वर्षं हेच सांगत होते, आणि "घाबरल्यासारखं" म्हटलं की समोरचा माणूस टेन्शन असंच लिहिणार.

टेन्शनची, तापाची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. एसव्हीटी बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण दाबल्यासारखीच थांबते. ठोके एकसारखे, घड्याळासारखे पडतात. एव्हीएनआरटीत मानेत ठोके जाणवतात, कुणीतरी आतून टपटप मारतंय असं, आणि थांबल्यावर भरपूर लघवी होते. चक्कर, घाम, छातीत आवळल्यासारखं, दम लागणं हेही होऊ शकतं. धडधडीमुळं भीती वाटतेच, पण तुमच्या बाबतीत आधी काय आलं, धडधड की भीती, ते आठवून बघा. माझ्या बाबतीत दर वेळी आधी धडधड.

ठोके वेडेवाकडे पडत असतील, एक लवकर, एक उशिरा, काही ताल नाही, तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. ते जास्त करून वय झालेल्यांना, बीपीवाल्यांना होतं, आणि आपल्याकडं लहानपणी सांधेतापामुळं झडप आकसलेल्या तरुण माणसांनाही. त्यात खरा धोका रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाण्याचा, लकव्याचा. म्हणून तिथं रक्त पातळ करायची गोळी लागते का हा पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. धडधड थांबली म्हणून ती गोळी मनानं बंद करायची नाही.

लहान बाळ सांगू शकत नाही. बाळ दूध ओढत नसेल, घामेजलेलं, पांढरं पडलेलं, आणि छाती फडफडताना दिसत असेल तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडं. बाळांमध्ये एसव्हीटीत ठोके २२० च्याही वर जातात.

३. या खुणा असतील तर घरी काहीही करत बसू नका

शुद्ध हरपली किंवा हरपल्यासारखं झालं, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली, छातीत जोरात दुखतंय, बसल्याजागी दम लागतोय, अंग गार घामानं भिजलंय, तर सरळ १०८ ला फोन. ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय, ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे, झडपेचा आजार आहे, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, त्यांनी जलद धडधड सुरू झाली की "बघू थोडा वेळ" म्हणायचं नाही. त्यांच्यात ती खालच्या कप्प्यातली, म्हणजे व्हीटी असू शकते. व्हीटी जिवावर बेतते, तिथं शॉक द्यावा लागतो, मिनिटं मोजावी लागतात.

माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडात पाणी घालायचं नाही, कांदा हुंगवत बसायचं नाही.

धडधड चालू असताना स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला जाऊ नका. टू-व्हीलर तर नाहीच.

४. ठोके मोजा आणि वही ठेवा

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचे. पण १८० च्या वर गेलं की बोटांना मोजता येत नाही, नुसती थरथर लागते. करोनात घराघरात घेतलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढा, ते ठोकेही दाखवतं. आकडा दिसत असताना मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. डिजिटल बीपी मशीन अशा वेळी बऱ्याचदा एरर दाखवतं, घाबरू नका, पण तेही लिहून ठेवा.

वहीत पाच गोष्टी. तारीख आणि वेळ, काय करत असताना सुरू झालं, किती ठोके, किती वेळ, कशानं थांबलं. माझ्या वहीत सहा महिन्यांत नीट दिसलं की बहुतेक वेळा मी वाकून उठले होते, आणि दोनदा एकादशीचा उपास होता, दिवसभर पाणीही नीट प्यायले नव्हते. जागरण, खूप चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक, दारू हीही कारणं असतात. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं त्यानं ठोके वाढतात, म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी घेताना आपल्याला हा त्रास आहे हे सांगायचं. दम्याच्या पंपानंही वाढतात, पण दम्याचा पंप मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

५. चालू धडधडीचा ईसीजी मिळवा, बाकी सगळं याच्यानंतर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एसव्हीटी दोन अटॅकच्या मधे दिसत नाही. गाडी बोगद्यात नसताना बोगद्याचा फोटो काढला तर मोकळा रस्ताच दिसणार. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, हे सगळं येऊन सुद्धा तुम्हाला एसव्हीटी असू शकते. नॉर्मल रिपोर्टाचा अर्थ एवढाच की ईसीजी काढला त्या क्षणाला धडधड नव्हती.

म्हणून आधीच, आज, हे ठरवून ठेवा की रात्री दोन वाजता सुरू झालं तर घरापासून सगळ्यात जवळ ईसीजी कुठं निघतो. मोठं हॉस्पिटल तीस किलोमीटरवर असेल आणि गावातल्या एमडी डॉक्टरांकडं ईसीजी मशीन असेल तर आधी तिथं जा. ग्रामीण रुग्णालयातही ईसीजी निघतो. मी तीन वेळा असं केलं की चांगलं हॉस्पिटल म्हणून लांब गेले आणि पोचेपर्यंत थांबलं.

आणि दारात गेल्यावर काय म्हणायचं तेही पाठ करून ठेवा. एकदा एका हॉस्पिटलात मी धडधड घेऊन पोचले, तिथं आधी केस पेपर, मग वजन, मग बीपी, मग "बसा, डॉक्टर येतायत", आणि बाकावर बसल्या बसल्या ते थांबलं. ईसीजी अर्थातच नॉर्मल. घरी येताना मी रिक्षात रडले. २०२१ च्या त्या रात्री मिस्टरांनी आत शिरल्या शिरल्या सांगितलं, "सिस्टर, आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा, केस पेपर मी मागून काढतो." त्या सिस्टरांनी एक शब्द न विचारता मला आडवं केलं, जेल लावलं, आणि मशीनमधून तो गुलाबी चौकोनी कागद बाहेर यायला लागला. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि डॉक्टरांना हाक मारली. माझ्या दोन ठोक्यांच्या मधे आठच बारीक चौकोन होते. नेहमीच्या स्पीडला १५०० ला त्या बारीक चौकोनांच्या संख्येनं भागलं की मिनिटाचे ठोके येतात, म्हणजे जवळजवळ १८८. मी कागद हातात घेतला तेव्हा मला बरं वाटलं, खरंच सांगते, आजार सापडला म्हणून बरं वाटलं, कारण नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मानलं की मला काहीतरी होतंय.

त्या कागदाबद्दल दोन गोष्टी. शक्यतो बारा लीडचा पूर्ण ईसीजी मागा, मॉनिटरवरची एक रेघ पुरेशी नसते. आणि इंजेक्शन देताना मशीन चालू ठेवायला सांगा, धडधड कशी तुटली ते कागदावर आलं तर पुढच्या डॉक्टरांना कुठला प्रकार आहे ते कळायला फार मदत होते.

बरेच कागद उष्णतेवर छापणारे असतात, काही महिन्यांत पुसट होतात. लगेच फोटो काढा, दोन झेरॉक्स काढा. लॅमिनेशनला देऊ नका! माझा पहिला कागद जपून राहावा म्हणून मी लॅमिनेट करायला दिला आणि गरम रोलरमधून तो पूर्ण काळा होऊन बाहेर आला. फोटो काढलेला होता म्हणून निभावलं.

हे जमतच नसेल तर डॉक्टरांकडं होल्टरची चौकशी करा, छातीला चिकटवलेलं मशीन २४ तास किंवा त्याहून जास्त ठोके नोंदवतं. पण ज्यांना महिन्यातून एकदा होतं त्यांच्या होल्टरमध्ये ते सापडायचं नाही, त्यांच्यासाठी जास्त दिवस ठेवायचे रेकॉर्डर असतात. बोट लावून ईसीजी काढणारं स्मार्टवॉच कुणाकडं असेल तर तेही चालू धडधडीत लावा आणि पीडीएफ ठेवा. नुसते ठोके दाखवणारं घड्याळ वेगळं, ते ईसीजी काढत नाही, विकत घेताना बघून घ्या.

६. घरी थांबवायचा उपाय, एकदा डॉक्टरांकडून शिकून

वरच्या धोक्याच्या खुणा नसतील, एसव्हीटीच आहे हे पक्कं झालं असेल, आणि तुमच्या डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल, तर हे करायचं. एव्ही नोडवर व्हेगस नावाच्या नसेचा ब्रेक असतो, तो दाबायचा.

मेडिकलमधून १० एमएलची सिरिंज आणा, सुईशिवाय. दट्ट्या आधी एक-दोनदा मागंपुढं करून मोकळा करा. पाठीला उशा लावून अर्धवट टेकून बसा, सिरिंजच्या तोंडातून १५ सेकंद फुंका, इतकंच जोरात की दट्ट्या जेमतेम हलावा. फुंकणं संपलं की लगेच उशा काढून सपाट झोपायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही पाय सरळ ठेवून तिरके वर उचलायचे, ४५ अंशांपर्यंत, आणि १५ सेकंद धरायचे. मग परत टेकून बसायचं आणि मिनिटभर वाट बघायची. ब्रिटनमध्ये २०१५ साली याची मोठी चाचणी झाली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत शंभरातल्या १७ जणांचे ठोके जागेवर आले आणि पाय उचलायच्या पद्धतीनं ४३ जणांचे. म्हणजे पाय उचलणं विसरायचं नाही, खरी करामत तिथं आहे. आमच्याकडं सासूबाई पाय धरायच्या, त्यांना सवय झाली होती, मी सिरिंज शोधेपर्यंत त्या पायाशी येऊन बसलेल्या असायच्या.

दुसरा उपाय, श्वास रोखून गार पाण्याच्या घमेल्यात चेहरा बुडवायचा किंवा बर्फाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल कपाळ-गालांवर दाबायचा.

दोन-तीनदा करून थांबलं नाही तर हॉस्पिटल. ज्यांची झडप आकसलेली आहे, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय किंवा काचबिंदू आहे त्यांनी हे जोर लावायचे उपाय करू नयेत. डोळे दाबणं हा जुना उपाय अजून कुणी कुणी सांगतं, अजिबात नको, डोळ्याला इजा होते. मानेची शीर चोळणंही घरी नको, वयस्कर माणसांत त्यानं लकवा मारू शकतो, ते डॉक्टरच करतात आणि तेही तपासून.

७. कॅज्युअल्टीत काय देतात

बहुतेक वेळा अ‍ॅडेनोसिन. कोपराजवळच्या मोठ्या शिरेत सुई लावतात, आधी ६ मिलिग्रॅम झटक्यात आणि लगेच मागून सलाईनचा फवारा, नाही थांबलं तर १२. औषध रक्तात काही सेकंदच टिकतं म्हणून एवढी घाई. आणि ते काही सेकंद कसे असतात ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगते. चेहरा तापतो, छाती आवळते, श्वास अडकतो आणि मनात येतं की आता मी मेले. मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होते. मग एक ठोका, दुसरा ठोका, आणि सगळं शांत. हे होणारच असतं आणि जातंच, सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा.

दमा असेल तर सुई लावायच्या आधी मोठ्यानं सांगा. चहा-कॉफी नुकतीच घेतली असेल तर तेही सांगा, त्यानं अ‍ॅडेनोसिनचा असर कमी होतो. नाहीच जमलं तर व्हेरापामिल, डिल्टियाझेम, मेटोप्रोलोलसारखी औषधं असतात, आणि बीपी पडलं असेल तर झोप देऊन शॉक देतात.

डब्ल्यूपीडब्ल्यूवाल्यांनी आता लक्ष द्या. तुमचे ठोके जलद आणि वेडेवाकडे असतील, म्हणजे फिब्रिलेशन झालं असेल, तर एव्ही नोडला आवरणारी व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधं धोक्याची ठरू शकतात. म्हणून 'मला डब्ल्यूपीडब्ल्यू आहे' एवढी चिठ्ठी पाकिटात आधार कार्डाच्या मागं कायम ठेवा.

अजून एक सापळा. एसव्हीटी बराच वेळ चालली तर रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की वाढणारा घटक, थोडं वाढू शकतं आणि ईसीजीतही बदल दिसतात, मग 'मायनर अटॅक' म्हणून अ‍ॅडमिट करून घेतात. कधी कधी तपासणं गरजेचंही असतं, वय, शुगर, बीपी बघून. पण "हे धडधडीमुळं वाढलंय की ब्लॉकेजमुळं?" एवढं शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

८. कुणाकडं जायचं, फाईलमध्ये काय काय ठेवायचं

साध्या कार्डिओलॉजिस्टकडून सुरुवात ठीक, पण कागद हातात आल्यावर इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडं एकदा तरी जा, बोलीभाषेत 'ईपीवाले डॉक्टर'. ते हृदयाच्या करंटचेच डॉक्टर असतात. पुण्या-मुंबईत आहेत, आता इतर मोठ्या शहरांतही असतात किंवा ठरावीक दिवशी येतात. सरकारी-महापालिका बाजूला मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणी हे काम होतं, गर्दी असते, पण होतं.

फाईलमध्ये हे ठेवा:
- चालू धडधडीचा ईसीजी, मूळ आणि झेरॉक्स, वर तारीख
- धडधड नसतानाचा ईसीजी
- टू-डी इकोचा रिपोर्ट
- हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोडियम-पोटॅशियम, शुगर, किडनीचे रिपोर्ट
- डिस्चार्ज कार्ड, त्यात कुठलं इंजेक्शन दिलं ते लिहिलेलं
- चालू गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक-होमिओपॅथीसकट
- ती वही

९. गोळ्या की अब्लेशन

वर्षातून एकदा पाच मिनिटं होत असेल आणि फुंकून थांबत असेल तर काहीच न घेणं हाही रस्ता आहे. वारंवार होत असेल तर गोळ्या, त्या ठोके दबवतात, दोन वाटा तशाच राहतात. मी आठ महिने घेतल्या, थकवा यायचा, बीपी कमी राहायचं, आणि तरी दोनदा झालं. गोळी एकदम बंद करायची नाही आणि शेजारणीची तर घ्यायचीच नाही.

अब्लेशनमध्ये जादा वाट जाळून बंद करतात. एव्हीएनआरटीत शंभरातल्या ९५ पेक्षा जास्त जणांना कायमचा आराम पडतो. धोका काय? मूळ वाटेला धक्का लागून पेसमेकर बसवायची वेळ येऊ शकते, शंभरात एकाहून कमी जणांना, पण हा आकडा तुमच्या डॉक्टरांना त्यांच्या तोंडून सांगायला लावा, आणि "तुम्ही स्वतः अशा किती केल्यात?" हेही विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

बाळंतपणाचा विचार असेल तर आधीच बोला. गरोदरपणात हा त्रास वाढू शकतो आणि तेव्हा अब्लेशन शक्यतो टाळतात. माझ्या नणंदेला हेच आहे, तिनं लग्न ठरल्यावर आधी अब्लेशन करून घेतलं. सासरी काय म्हणतील म्हणून लपवायला सांगणारे भेटतात, लपवू नका. मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे.

१०. पैसे आणि कागदपत्रं

लेखी एस्टिमेट दोन ठिकाणांहून घ्या, आणि त्यात कॅथेटरचा, म्हणजे हृदयापर्यंत नेतात त्या तारांचा, खर्च धरलाय का, थ्री-डी मॅपिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर हृदयाचा नकाशा काढणं, धरलंय का ते विचारा. साध्या एव्हीएनआरटीला थ्री-डी मॅपिंग नेहमी लागतंच असं नाही, आणि बिलात फरक मोठा पडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलच्या आवारात आरोग्यमित्र बसतात, त्यांना नेमकं विचारा की या हॉस्पिटलात ईपी स्टडी (तारा घालून करंटची तपासणी) आणि अब्लेशन योजनेत बसतं का. रेशन कार्ड, आधार, फोटो, डॉक्टरांची शिफारस न्या. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आठवडाभर आधी बघा, माझं एकावर माहेरचं आणि एकावर सासरचं होतं, त्यात दहा दिवस गेले. आधी पैसे भरून मागून योजनेत घालू असं कुणी म्हटलं तर मानू नका, मंजुरी आधी असते. योजनेत नाही बसलं तर धर्मादाय हॉस्पिटलात निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, तिथल्या समाजसेवकांना भेटा. खासगी विमा असेल तर कॅशलेसची परवानगी आधी घ्या, आणि पॉलिसी काढताना हा आजार सांगितलेला असू द्या.

११. त्या दिवशी

गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतात, कारण गोळीनं दाबलेली धडधड त्यांना चालू करता येत नाही. रात्रीपासून उपाशी. जांघेचे केस काढतात, लाजू नका, सिस्टर रोज करतात.

टेबल अरुंद आणि खोली थंडगार असते, चादर मागून घ्या. जांघेत भूल देतात, ते इंजेक्शन थोडं झोंबतं, नंतर नुसता दाब कळतो. उजव्या जांघेच्या शिरेतून तीन-चार बारीक तारा हृदयापर्यंत नेल्या. मी जागी होते. मग त्यांनी मुद्दाम माझी धडधड सुरू केली! तीच, नऊ वर्षं ओळखीची, मानेत आपटणारी, आणि डॉक्टर काचेपलीकडून म्हणाले, "ताई, हीच का?" मी म्हटलं, हीच. मग त्यांनी बटणानं थांबवली. जाळताना छातीत थोडं गरम, थोडं आवळल्यासारखं होतं, एका वेळी मिनिटभर, त्या वेळी हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही. नंतर अर्धा तास थांबून परत परत सुरू करायचा प्रयत्न केला, झाली नाही. सगळं मिळून अडीच तास.

खोलीत आल्यावर पाच-सहा तास तो पाय सरळ ठेवून सपाट झोपायचं. हाच भाग मला सगळ्यात जड गेला, कंबर धरते. उठायची घाई केली तर जांघेत रक्त साकळतं. शिंकताना, खोकताना तिथं हातानं दाबून धरा.

१२. घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी सोडतात. आठवडाभर बादली, सिलेंडर, पोरं उचलायची नाहीत, उकिडवं बसायचं नाही. जांघेत हिरवं-निळं होतं, पसरतं, मग जातं. पण गाठ वाढत गेली, रक्त आलं, पाय सुजला किंवा गार पडला, ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर त्याच दिवशी दाखवा.

आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पहिले काही आठवडे मधेच एक ठोका चुकल्यासारखं, आता सुरू होणार असं वाटत राहतं, छातीत तो सटका येतो आणि पुढं काहीच होत नाही. ते जादा ठोके असतात, बहुतेकांना येतात, हळूहळू कमी होतात. मला तीन महिने वाकून उठताना भिंत धरायची सवय होती. खरोखर धडधड परत आली, ठोके १५० च्या वर आणि थांबत नाहीत, तर परत तेच, जवळचं मशीन, आधी ईसीजी, मग केस पेपर. शंभरात चार-पाच जणांना ती परत येते आणि पुन्हा अब्लेशन करता येतं.

माझी १० एमएलची सिरिंज अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, ईसीजीच्या झेरॉक्सची घडी घालून तिच्याभोवती गुंडाळलेली. २०२२ पासून ती लागलेली नाही. गेल्या दिवाळीत अंगणभर ठिपक्यांची रांगोळी काढली, एकवीस ते एक, सगळी वाकून.